भोंग्याचा घसा

माझा धाकटा भाऊ वर मोरीत गुळण्या करायला लागला की माझी सकाळ नासलीच म्हणून समजा. घळ्ळ घळ्ळ घळ्ळ, खाक्, थू. पुन्हा घळ्ळ. खालच्या गाळ्यात माझं इस्त्रीचं दुकान, वरच्या मजल्यावर त्याचं बिऱ्हाड, आणि त्याच्या मोरीची खिडकी उघडते ती नेमकी माझ्या टेबलाच्या डोक्यावर. पहाटे बाजाराला जाताना गुळण्या, दुपारी आल्यावर गुळण्या, झोपताना गुळण्या. मग ज्येष्ठमधाची काडी चघळत बसायचं आणि तिचा चोथा खिडकीच्या कडेला वाळत ठेवायचा. गळ्याला मफलर, बाहेर उकडून जीव जात असला तरी. शी! घसा नव्हे, पोटचं पोर असल्यासारखा जपतो. पोटचं पोर तसं जपलं असतं तर मी एवढी बोलले नसते.

धंदाच तसा आहे त्याचा, मान्य आहे मला. घाऊक भाजीबाजारात तो लिलाव पुकारतो. मालाच्या गोणी ओट्यावर रचल्या की हा वर चढतो, एक पाय गोणीवर, आणि भाव पुकारायला लागतो. खाली व्यापारी उभे. कोणी बोट वर करतो, कोणी नुसती मान हलवतो, आणि हा एका दमात भाव चढवत नेतो, तो थेट कोणीच बोट वर करेनासं होईपर्यंत. शेजारी ट्रकचं इंजिन धडधडत असलं तरी ह्याचा आवाज पलीकडच्या फाटकाशी स्वच्छ ऐकू येतो. म्हणून त्याला सगळे भोंगा म्हणतात. खरं नाव विचाराल तर अर्ध्या बाजाराला सांगता येणार नाही.

असा हा भोंगा उंबरठा ओलांडून घरात आला की मिठाची गुळणी थुंकतो आणि मौनाची धरून बसतो. कामाला लागला तेव्हा एकदा त्याचा घसा बसला होता. ओट्यावरून खाली उतरवलं त्याला, आणि कोणी एक म्हातारा पुकारणारा त्याला म्हणाला, "आवाज हाच तुझा माल आहे बाबा, घरात उधळू नको." झालं! तेवढं धरून बसला. आणि आमची आई? तिला तर आयुष्यात काहीतरी मोठं काम सापडल्यासारखं झालं. तिनं घरभर पहाराच बसवला. त्याच्यासमोर कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. तो झोपला असेल तर कुजबुजायचंही नाही. आणि त्याला प्रश्न तर विचारायचाच नाही, कारण प्रश्न विचारला की उत्तर द्यावं लागतं आणि उत्तराला घसा लागतो.

मग त्या घरात हातवाऱ्यांचं राज्य आलं. चमचा ताटावर वाजवला की वाढायचं. चुटकी वाजवली की चहा. बोट छताकडे केलं की पंखा. तळवा खाली करून हलवला की 'नंतर', आणि तोच तळवा उलटा झटकला की 'जा इथून'. मी कधी वर जेवायला गेले की घास उतरायचा नाही माझ्या घशाखाली. सगळे जेवायला बसलेले आणि आवाज फक्त चावण्याचा. मच मच मच. कोणाची दाढ किडलीय तेसुद्धा ऐकून कळावं! एकदा मी म्हटलं, "अरे, मीठ कमी पडलंय एवढं तरी तोंडानं सांग!" तर त्यानं बोटांची चिमूट करून दाखवली. मी ताट तसंच ठेवून खाली आले.

त्याची बायको लग्न होऊन आली तेव्हा काय बोलायची, काय सांगू तुम्हाला! जिन्याच्या पहिल्या पायरीपासून तिची टकळी सुरू व्हायची. दुधाशी बोलायची, कुलपाशी बोलायची, 'उघड ना रे बाबा' म्हणून. आईनं ओठांवर बोट ठेवून ठेवून तिला गार केलं. बघता बघता ती पोरगी पण चुटक्या वाजवायला शिकली. मला म्हणायची, "ताई, तुमच्याकडे खाली आले की जबडा दुखतो माझा. सवय गेलीय." हे ती हसत हसत सांगायची, आणि मला मात्र तळपायाची आग मस्तकात जायची.

अशा घरात गुंडी जन्मली. माझ्या दुकानात कपड्यांच्या तुटून पडलेल्या गुंड्यांचा एक पत्र्याचा डबा आहे, त्याच्याशी ती रांगायला लागल्यापासून खेळायची, म्हणून गुंडी. फार चलाख पोर. बापानं चुटकीसाठी हात उचलला की, चुटकी वाजायच्या आत, ही स्वयंपाकघराकडे सुटायची आणि कप घेऊन यायची. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची, "बापावर गेलीय हो. एक शब्द न बोलता सगळं कळतं तिला." पोर दोन वर्षांची झाली, त्याच्याही पुढे गेली, तोंडातून शब्द नाही, आणि घरात कोणाला त्याचं काही वाटलं नाही! वाटणार कसं? त्या घरात जो बोलत नाही तो शहाणा.

कळलं ते अपघातानंच. एका दुपारी माझ्या दुकानाचं शटर साखळीवरून सुटलं आणि धाडकन खाली आलं. एका गिऱ्हाइकाच्या हातातले कपडे गळून पडले, समोरचा सायकलवाला पाना टाकून धावत आला. गुंडी आमच्याकडे पाठ करून फरशीवर बसली होती. लाल गुंडीवर निळी गुंडी ठेवत होती. तिनं मान वळवली नाही. निळी घसरून पडली, तिनं उचलून परत ठेवली. तिची आई जिन्याच्या तोंडाशी उभी होती, तिनंही ते पाहिलं. आम्ही एकमेकींकडे बघितलं.

दवाखान्यात तपासण्या झाल्या. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, अगदी कानाशी बोललेलं पुसट पोहोचतं, हातभर लांबचं जवळजवळ नाहीच, असं सांगितलं. कानामागे लावायची छोटी मशिनं दिली आणि बोलणं शिकवणाऱ्या थेरपीच्या बाईंकडे पाठवलं. आम्ही सगळी वरात घेऊन गेलो, मी, आई, भोंगा, त्याची बायको आणि मधे गुंडी. बाई साध्या होत्या, आवाज शांत, बोलताना गुंडीच्या उंचीला वाकायच्या. मला वाटलं होतं चित्रांचे गठ्ठे काढतील, 'म्हण बाळा, अ' करतील. तसलं काही नाही. त्यांनी आम्हालाच समोर बसवलं.

"मशीन आवाज देईल," त्या म्हणाल्या. "शब्द घरानं द्यायचे. त्यासाठी वेगळा तास नको. आंघोळ घालताना, कपडे चढवताना, भाजी निवडताना, जे चाललंय तेच बोला. तिच्या जवळ बसून, तोंड तिच्याकडे करून, ओरडायचं नाही. ती ज्याच्याकडे बघते त्याबद्दल बोला. मग थांबा, तिला तिची पाळी द्या. आणि मशिनं जागेपणी कायम कानात. हीच वर्षं आहेत. पुढेही शिकेल, पण तेव्हा तिची फार दमछाक होईल."

आई म्हणाली, "पण खुणांनी सांगते की ती सगळं. आणि आमच्या घरात शांतता असते हो, याचा आवाज जपावा लागतो."

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "आजी, खुणांची खरी भाषा असते. त्या भाषेत माणसं भांडतात, थट्टा करतात, गोष्टी सांगतात. ती येते का तुम्हाला कोणाला?"

आई भोंग्याकडे बघायला लागली.

"मग तुमच्या घरात आहे तो नुसता चहा आणि पंखा."

मला तिथेच टाळी वाजवावीशी वाटली. मग बाईंनी तपासणीचा कागद पुढे ओढला आणि भोंग्याला म्हणाल्या, "हिला बारीक आवाज कमी पोहोचतात, भारदस्त आवाज बरे पोहोचतात. घरात सगळ्यांत स्पष्ट ऐकू येईल असा आवाज तुमचा असणार. वडिलांनी रोज थोडं बोलायचं, एवढं मी तुमच्याकडे मागते."

आम्ही सगळे त्याच्याकडे बघायला लागलो. आणि ह्या गृहस्थानं काय करावं? तळवा खाली केला आणि हलवला. नंतर! बाईंना वाटलं, तो टेबलावरची माशी हाकलतोय.

त्यानं केलं काही नाही असं नाही हं. एक बोलणारं खेळणं आणलं. बटण दाबलं की आतून बाई किनऱ्या आवाजात म्हणायची, "सफरचंद! सफरचंद!" ते त्यानं गुंडीच्या पुढ्यात ठेवलं, बायकोकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे झालं ना काम, आणि जाऊन आडवा पडला. पोरीनं ते उलटं केलं, बॅटरीचं झाकण काढलं आणि झाकणाशी खेळत बसली. किळस येते मला अशा माणसाची. हातपाय धड, जीभ धड, आवाज असा की वीतभर लांबून ऐकलं तर छातीत घुमावा, आणि पोरीशी बोलायला प्लॅस्टिकचा डबा ठेवला!

पण त्याच्याही वरची तऱ्हा आईची. मशिनं लावल्यावर गुंडीला आवाज कळायला लागले, तशी ती बिचारी खुळावली. ताटली आपटून बघ, दार ढकलून बघ, स्वतःच 'आऽ आऽ' करून बघ आणि खुदकन हस. दुपारी बाप झोपलेला. एके दिवशी मी काही कामासाठी वर गेले तर पोर जमिनीवर गप्प बसलेली, कान रिकामे, आणि मशिनं डबीत, डबी कपाटावर. मी विचारलं, "ही कोणी काढली?" आई म्हणाली, "अगं, तो झोपलाय. घातली की ही गोंधळ घालते. संध्याकाळी घालते ना परत."

"आई," मी म्हटलं, "लाज नाही वाटत?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं.  मी स्टूल घेतलं, डबी काढली, पोरीच्या कानांत मशिनं घातली आणि मोठ्यानं, अगदी त्या घोरणाऱ्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "चल गुंडे, आत्याकडे चल!" वहिनी मागोमाग जिना उतरून आली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी बाजार गाठला. बरीच वर्षं झाली होती त्याला ओट्यावर बघून. पायाखाली सडकी पानं, चिखल, हमालांच्या आरोळ्या, आणि ह्या सगळ्याच्या वर आमचा भोंगा. टोमॅटोच्या पेट्या लागल्या होत्या. "या, या, या, बघून घ्या कसा माझा राजा! गाल बघा, गालावरची लाली बघा! हळू हो शेट, दाबू नका, लाजतो तो! अरे, एवढ्या भावात देऊ माझ्या लाडक्याला? नाही देणार जा!" लोक हसत होते. बोटं वर होत होती. आवाज काय लागला होता! मी आपली एका कोबीच्या ढिगाशेजारी उभी राहून ऐकत होते, आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. राजा! टोमॅटोला राजा, टोमॅटोला लाडका!

लिलाव संपल्यावर तो खाली उतरला आणि थर्मासमधलं कोमट पाणी घोट घोट प्यायला लागला. मी पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"त्या टोमॅटोला राजा म्हणालास. पोरीला आजवर काय म्हणालास?"

त्यानं तळवा खाली केला.

"हात खाली कर, नाहीतर तापलेली इस्त्री ठेवीन त्याच्यावर. तोंडानं बोल."

त्यानं इकडेतिकडे बघितलं, जवळ आला आणि कुजबुजला. माझ्याशी किती वर्षांनी शब्द काढला असेल देव जाणे. "ताई, आवाज गेला तर खायचं काय आम्ही? आणि मला मोठ्या ओट्यावर घेणार आहेत. आता जरा सांभाळायलाच पाहिजे."

"जेवताना चार वाक्यं बोल म्हणतायत बाई तुला. भाषण नाही सांगितलं."

"एकदा सुरू झालं की संपतं का ते?" तो म्हणाला आणि परत थर्मास तोंडाला लावला.

पोटाची भीती मला कळते, मीही हातावरच जगते. पण तो ते पाणी इतकं जपून, इतक्या प्रेमानं गिळत होता ना, की मला बघवेना. मी तिथल्या सडक्या पानांवर थुंकले आणि चालू लागले.

मग आम्ही दोघींनीच ठरवलं. वर बोलता येत नाही ना, तर खाली बोलू. सकाळचं आवरलं की वहिनी गुंडीला घेऊन माझ्या दुकानात यायची. टेबलाच्या कोपऱ्यावर घडी घातलेली चादर टाकून आम्ही पोरीला वर बसवायचो, म्हणजे तोंडासमोर तोंड येतं. आणि वहिनीची टकळी जी सुटली म्हणता! "आधी कॉलर. बघ, कॉलर. मग बाही. ही एक बाही, दुसरी कुठे गेली? अगं बाई, आत लपली! ओढ तिला. आली! पाणी मार. फुस्स. आता इस्त्री. वाफ बघ. गरम! हात नको. गरम आहे." मी एकीकडे काम करायची, एकीकडे तिला जोड द्यायची, आणि मधे मधे गप्प राहायचो दोघी, बाईंनी सांगितलं होतं तसं, पोरीच्या तोंडाकडे बघत.

गिऱ्हाइकांचा वेगळाच ताप. पोरीच्या कानामागचं मशीन दिसलं की एकेकाला मास्तरकीचा झटका यायचा. वाकून तिच्या तोंडाजवळ तोंड न्यायचं, तंबाखूचा वास, आणि बोंबलायचं, "मी कोण? काका म्हण! का-का!" पोर भिऊन मागे सरकायची. मी सरळ सांगायचे, "तुमचे शर्ट उद्या मिळतील, आणि तिची परीक्षा घ्यायची नाही. गप्पा मारायच्या तर मारा, नाहीतर निघा." दोनचार गिऱ्हाइकं तुटली. तुटू देत.

पहिला शब्द आला तो 'गम'. इस्त्रीकडे बोट दाखवून. वहिनीनं माझा दंड इतका दाबला की वळ उठले. मग चहा 'गम', उन्हातली पायरी 'गम', आणि एकदा मी कोणावर तरी भडकले होते तेव्हा माझ्याकडे बोट दाखवून 'गम'. हसून हसून पुरेवाट झाली. हळूहळू 'गरम' नीट झालं, पाणी आलं, 'दे' आलं, 'नको' आलं. कोणाचा तरी बिनबाह्यांचा गंजीफ्रॉक इस्त्रीला आला होता, तो हातात धरून, उलटासुलटा करून पोरीनं जाहीर केलं, "बाही नाही!" आणि स्वतःच्याच विनोदावर टेबलावरून पडेपर्यंत हसली. थेरपीच्या बाई खूश झाल्या. म्हणाल्या, असंच चालू द्या.

पण एक गोष्ट मी बाईंना सांगितली नाही, सांगताना मलाच कसंसं झालं असतं. खाली बडबडणारी पोर वहिनीचा हात धरून जिना चढायला लागली की मधल्या पायरीवर गप्प व्हायची. कोणी सांगितलेलं नाही, दटावलेलं नाही. आपली आपण. दारात पोहोचेपर्यंत तोंड मिटलेलं. आत बाप दिसला की त्याच्या हातांकडे बघायची आणि धावायची. पाणी हवं असलं तर अंगठा तोंडाशी, भूक लागली तर चमचा ताटावर. आजी म्हणायची, "शहाणी गं माझी."

मोठ्या ओट्याचं झालं असं की मोठा ओटाच राहिला नाही. बाजार समितीनं भिंतीवर दिव्यांच्या पाट्या लावल्या. व्यापारी फोनवर बटण दाबतात, पाटीवर आकडा चढतो, आकडा थांबला की माल गेला. पुकारायचं कोणी नाही, ऐकायचं कोणी नाही. भोंग्याला फाटकावर उभं केलं, गाड्यांच्या पावत्यांवर शिक्का मारायला. तिथे बोलायचं काय? शिक्का मारला की हात हलवायचा, गाडी आत.

तरी गुळण्या चालूच! मी दोन-तीन दिवस ऐकून घेतल्या. मग खिडकीखाली उभी राहून ओरडले, "अरे, आता कोणासाठी रे घळघळतोस?" वरून पाणी थुंकल्याचा आवाज आला तेवढा.

त्यानंतर एका दुपारी तो खाली आला. दुकानात तो कधी पाऊल ठेवत नसे, वाफेनं घसा बसतो म्हणून. टांगलेल्या शर्टांच्या मधे उभा राहिला, मफलरचं टोक चाळवत. मला वाटलं काही आजारी-बिजारी आहे.

"ताई," तो म्हणाला. चांगल्या आवाजात म्हणाला, कुजबुजला नाही. "घरात काय बोलतात?"

मला वाटलं माझी फिरकी घेतोय. "म्हणजे?"

"म्हणजे... भाव नसला की माणसाशी काय बोलायचं असतं?"

पाण्याची बाटली फेकून मारावीशी वाटली त्याला. जन्मभर बोलण्याचं खाल्लं ह्या माणसानं, आणि आपल्या लेकीशी काय बोलायचं ते बहिणीला विचारतोय! पण तो खरंच विचारत होता. कपाळावर घाम होता त्याच्या.

"जे करतोस ते बोल," मी म्हटलं. "शेंग सोलतोस तर शेंग म्हण. ती बघेल त्याचं बोल. मग गप्प बस आणि ती काय म्हणते ते ऐक."

"आणि हात?"

"हात खिशात घाल. तुझ्या हातांनीच घात केलाय."

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी मुद्दाम वर गेले. वहिनीनं मटार आणून टेबलावर ओतले होते. आईला मी आतल्या खोलीत बसवलं आणि सांगितलं, बोटबिट काही ओठांवर न्यायचं नाही. गुंडी खुर्चीवर बसली होती, कानांत मशिनं, शेंगा फोडून दाणे वाटीत टाकत होती. भोंगा समोर बसला. दोन्ही हात पँटच्या खिशांत. एकदा खाकरला. मला किळस आली नेहमीसारखी, पण मी गिळली.

"गुंडी," तो म्हणाला. "मटार आहेत हे. हिरवे. ही शेंग केवढी लांब आहे बघ. तू फोडलीस? आत दाणे किती! एक पळाला, टेबलाखाली गेला."

ओरडला नाही. हळू, जवळून, बाईंनी सांगितलं होतं तसं. आणि आवाज, काय सांगू, एवढा भरीव, एवढा स्वच्छ, की वहिनीचा हात कढईवर थांबला. हा आवाज ह्या घरात इतकी वर्षं होता आणि आम्ही कोणी ऐकला नव्हता.

गुंडीनं वर बघितलं. तोंडाकडे बघितलं त्याच्या. सगळं तिला ऐकू जात होतं, कळत होतं. मटार म्हणजे काय, पळाला म्हणजे काय, खाली दुकानात हजारदा झालंय ते. तो बोलत राहिला, "चल, शोधू त्याला, कुठे गेला?" ती त्याच्या शर्टाकडे बघायला लागली, मग कोपरांकडे, मग खिशांकडे. तिच्या कपाळावर आठी आली. ती खुर्चीवरून उतरली, टेबलाला वळसा घालून त्याच्याजवळ गेली आणि त्याचा एक हात खिशातून ओढून काढला. मग दुसरा. दोन्ही हात टेबलावर शेंगांच्या सालींवर ठेवले आणि त्याचं एकेक बोट धरून सरळ केलं.

"बाबा, बोलू नको," ती म्हणाली. "दाखव."

इतकं नीट, इतकं खणखणीत ती वरच्या मजल्यावर पहिल्यांदाच बोलली होती. वहिनी तोंड फिरवून गॅसकडे वळली. मी मनाशी किती वेळा म्हटलं होतं, एक दिवस ह्याची अशी जिरू दे, मी पोटभर हसेन. हसू काही आलं नाही. ती त्याच्या तळव्यांकडे बघत थांबली होती, आणि त्याला काय दाखवायचं ते सुचत नव्हतं.